काचेवर उतरलेला हिमालय

पायी यात्रा पुरी झाली असे नेमके केव्हा म्हणावे, याचे उत्तर यात्रा कोण करीत आहे यावर अवलंबून असते. गंगोत्रीला गेलेला भाविक पुढे गोमुखापर्यंत चढून जातो, हिमाच्या गुहेतून उसळणारे भागीरथीचे पाणी ओंजळीत घेतो, आणि त्याची यात्रा तेथे सफळ होते. परतीची वाट ही त्याच्या लेखी घरी जाण्याची वाट, एवढेच. परंतु एकोणिसाव्या शतकात कॅमेरा घेऊन त्याच गोमुखापाशी उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट निराळी होती. त्याने जे मिळविले होते ते काचेवर होते. ती काच दरडी, ओढे, दोरांचे पूल आणि बर्फाळ उतार यांवरून न फुटता खाली पोहोचेपर्यंत त्याचा प्रवास पुरा होत नव्हता.

हा माणूस म्हणजे सॅम्युअल बॉर्न. १८३४ साली इंग्लंडमधील एका खेड्यात तो जन्मला आणि नॉटिंगहॅम शहरातील एका पेढीत कारकून झाला. छायाचित्रणाचा नाद त्याला तेथेच लागला. पेढीची नोकरी सोडून तो १८६३ च्या आरंभी कलकत्त्यास उतरला आणि तेथून सिमल्यास गेला. सिमल्यात विल्यम हॉवर्ड याच्याशी आणि पुढे चार्ल्स शेफर्ड याच्याशी त्याने भागीदारी केली. ‘बॉर्न अँड शेफर्ड’ या नावाने ती पेढी पुढे दीडशे वर्षे चालली. कारकुनीत मुरलेल्या माणसाला शोभेल असा नीटनेटकेपणा बॉर्नच्या कामात अखेरपर्यंत दिसतो. आपल्या प्रत्येक काचेवर तो नाव आणि अनुक्रमांक घालीत असे. त्यामुळे त्याचे चित्र जगात कोठेही सापडले तरी ते ओळखता येते, आणि त्याच्या वाटचालीचा माग बऱ्याच अंशी लावता येतो.

छायाचित्रण तेव्हा भारतात अगदीच नवखे होते असे नव्हे. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान तिचे सभासद होते. मात्र शहरातील वाड्याची किंवा लेण्याची छबी घेणे वेगळे आणि महिनोन्‌महिने पायपीट करीत हिमालयाच्या पलीकडच्या अंगाला उतरणे वेगळे. असे तीन प्रवास बॉर्नने केले. पहिला, १८६३ च्या २९ जुलैस सिमल्याहून निघून सतलजच्या खोऱ्याने चिनीच्या बाजूस. हे चिनी म्हणजे किन्नौरमधील आजचे कल्पा. हा प्रवास दहा आठवड्यांचा होता. त्यात सुमारे तीस हमाल होते आणि परतताना त्याच्यापाशी १४७ काचा होत्या. दुसरा, १८६४ सालचा, कांगडा व चंब्याहून काश्मीरपर्यंतचा, नऊ महिन्यांचा. तिसरा प्रवास सर्वांत खडतर होता. १८६६ च्या ३ जुलैस तो डॉ. प्लेफेअर नावाच्या सोबत्याबरोबर सिमल्याहून निघाला. कुलू, लाहौल आणि स्पिती करून, मणिरंगची खिंड ओलांडून तो पुन्हा सतलजकडे उतरला. तेथून बास्पाच्या खोऱ्यातून पर्वताची आणखी एक रांग चढून तो भागीरथीच्या खोऱ्यात आला आणि गंगोत्रीवरून गोमुखास पोहोचला. सिमल्यास परत यायला त्याला नाताळ उजाडला. या प्रवासाच्या आरंभी दोघा साहेबांच्या मागे सुमारे ऐंशी हमाल होते.

ऐन पावसाळ्यात निघण्याचे कारण उघड आहे. हिमालयाच्या पहिल्या मोठ्या रांगेवर मोसमी ढग रिते होतात. लाहौल आणि स्पिती त्या रांगेच्या आडोशाला असल्याने तेथे श्रावणातही आभाळ निरभ्र असते, आणि उंच खिंडी वाहत्या राहतात त्याही याच तीन-चार महिन्यांत.

आता ऐंशी हमाल कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर त्या काळच्या छायाचित्रणाच्या कृतीत आहे आणि ती कृती समजल्याखेरीज या प्रवासाचे मर्म कळत नाही.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज मूर्तिकाराने १८५१ मध्ये जी रीत प्रसिद्ध केली तिला ‘ओल्या काचेची रीत’ म्हणता येईल. तीव्र आम्लांत मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवला की मधासारखा चिकट द्रव तयार होतो. हेच कलोडियन. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो द्रव स्वच्छ पुसलेल्या काचेवर ओतायचा आणि काच चारी कोनांकडे कलती करून सर्वत्र सारखा पसरवायचा. ईथर उडून जाऊन साय धरल्यासारखा थर बसला की ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. काही मिनिटांत थर दुधाळ होतो आणि प्रकाशाला संवेदनशील बनतो. मग ती निथळती काच बंद चौकटीत घालून कॅमेऱ्याकडे धावायचे, भिंगावरचे झाकण काढून काही सेकंद मोजायचे, झाकण लावायचे आणि पुन्हा अंधाऱ्या तंबूत धावत यायचे. तेथे लोहक्षाराच्या द्रावणाने प्रतिमा उमटवायची, न उजळलेला क्षार धुऊन काढायचा, भरपूर पाण्याने काच खळखळून धुवायची, वाळवायची आणि तिच्यावर रोगण चढवायचे. हे सारे थर ओला असेपर्यंतच व्हायला हवे. तो सुकला की काच निकामी. वेळ मिळे तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा.

म्हणजे छायाचित्रकाराला आपली अंधारखोली खांद्यावर घेऊन चालणे भाग होते. बॉर्नच्या सामानात माणूस आत उभा राहून वावरू शकेल असा दहा फूट उंचीचा तंबू होता. त्याशिवाय तिवई, कॅमेरे, भिंगे, औषधांच्या पेट्या, चांदीच्या द्रावणाचे पात्र आणि काचांच्या पेट्या होत्या. काच मोठी घ्यावी लागे, कारण लहान चित्र मोठे करण्याची सोयीची युक्ती तेव्हा नव्हती. कागदावरची प्रत काच आणि कागद एकमेकांना भिडवून सूर्यप्रकाशात काढीत. जेवढी काच तेवढेच चित्र. बॉर्नची मोठी काच बारा इंच लांब आणि दहा इंच रुंद असे. तिची जाडी अडीच मिलिमीटर धरली तरी वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. अशा शंभर काचा म्हणजे पन्नास किलो झाले, आणि त्याही अशा की ज्यांतली एक तडकली तर तिची जागा दुसरी घेऊ शकत नाही.

पंधरा-अठरा हजार फुटांवर या रीतीचे काय होत असेल याची कल्पना करावी. विरळ हवेत ईथर झपाट्याने उडते, त्यामुळे कलोडियनचा थर एकसारखा पसरण्याआधीच ताठरू लागतो. उलट थंडीने रसायनांची क्रिया मंदावते आणि प्रतिमा उमटायला वेळ लागतो. धुण्याला पाणी हवे, तर भोवती सारे गोठलेले. बर्फ वितळवायला सरपण हवे, तर झाडोरा पाच हजार फूट खाली राहिलेला. वाऱ्याने तंबू उभा राहत नाही. बोटे इतकी बधिर की काचेची धार लागली तरी कळू नये. मणिरंगच्या खिंडीवर बॉर्नने या स्थितीत छायाचित्रे घेतली. त्या खिंडीची उंची त्याने १८,६०० फूट दिली आहे. इतक्या उंचीवर तोवर कोणी छायाचित्र घेतले नव्हते, आणि पुढे सुमारे वीस वर्षे हा उच्चांक अबाधित राहिला असे मानले जाते.

या रीतीचा एक लाभ मात्र पुढील काळातील प्रवाशांना मिळाला नाही. फिल्म घेऊन जाणारा प्रवासी महिनाभर चित्रे टिपतो आणि ती साधली की फसली हे त्याला घरी आल्यावर कळते. बॉर्नला ते पाव तासात कळत असे. चित्र फसले तर तो तेथेच दुसरी काच तयार करीत असे किंवा दुसऱ्या दिवसाच्या उन्हाची वाट पाहत तळ हलवीत नसे. त्याच्या चित्रांत जो रेखीवपणा आहे त्याचे श्रेय भिंगाइतकेच या सक्तीच्या थांबण्यालाही दिले पाहिजे. भरभर चालणाऱ्याच्या हाती लागत नाही असे पुष्कळ काही थांबणाऱ्याच्या हाती लागते.

चित्रे काळी-पांढरी असण्याविषयीही थोडा खुलासा हवा. रंगीत छायाचित्रण तेव्हा व्यवहारात नव्हते, तेव्हा काळ्या-पांढऱ्याची निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु कोणत्या रंगाचे काळे होते आणि कोणत्याचे पांढरे, हे डोळ्याच्या हिशेबाप्रमाणे ठरत नसे. कलोडियनचा थर निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांनाच दाद देतो. हिरवा, पिवळा आणि तांबडा हे रंग त्याला जवळजवळ अंधारासारखे असतात. याच गुणामुळे तंबूला पिवळ्या कापडाची खिडकी ठेवून आत काम करता येई; आणि याच गुणामुळे हिमालयाचे रूप चित्रात पालटून जाई. देवदारांचे हिरवे रान काळेकुट्ट उमटे. निळे आभाळ आणि त्यातील पांढरे ढग दोन्ही सारखेच पांढरे होत, आणि डोंगराच्या माथ्यावर कोरा कागद उरे. उंचावरचा प्रकाश अतिनील किरणांनी समृद्ध, त्यात बर्फाची झळाळी. त्यामुळे बर्फाला पुरेल एवढा वेळ दिला तर झाडे अंधारात बुडत, आणि झाडांना पुरेल एवढा दिला तर बर्फावरच्या घड्या पुसून जात. या दोहोंच्या मधला क्षण गाठणे हे बॉर्नचे खरे कसब. पहाटेचे तिरपे ऊन तो पसंत करी ते सौंदर्यासाठी आणि या अडचणीवरील तोडगा म्हणूनही.

शिवाय ही चित्रे खरोखर काळी-पांढरी नव्हेतच. कोंबडीच्या अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर त्यांच्या प्रती निघत आणि सोन्याच्या क्षाराने त्यांना जांभळट तपकिरी छटा दिली जाई. आज छापील पुस्तकांत ती करड्या रंगात दिसतात, हा छपाईचा संस्कार होय.

बॉर्नने आपल्या तिन्ही प्रवासांची वर्णने इंग्लंडमधील छायाचित्रणविषयक नियतकालिकात लेखमालांच्या रूपाने प्रसिद्ध केली. ती वाचताना एक गोष्ट खटकते. हिमालयाच्या भव्यतेने तो दिपून जातो, पण तृप्त होत नाही. मायदेशातील तळी, वेली, कौलारू घरे आणि वळणदार ओढे यांनी घडविलेली सुंदर दृश्याची व्याख्या त्याने बरोबर आणली होती. स्पितीचे उघडे, मातकट, अवाढव्य डोंगर त्या चौकटीत बसत नव्हते. काश्मीरच्या पाण्याकाठी तो रमला. स्पितीत त्याला सारखे वाटत राहिले की हे दृश्य काचेच्या आवाक्याबाहेरचे आहे. आजच्या पाहणाऱ्याला नेमकी तीच चित्रे अधिक मोलाची वाटतात, कारण त्यांत बॉर्नची आवड मागे पडली आहे आणि डोंगर पुढे आला आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ती हमालांची. हे लोक मजुरीच्या आशेने आपण होऊन आलेले होते, असे समजण्याचे कारण नाही. डोंगराळ मुलखात प्रवासी अधिकाऱ्याला किंवा साहेबाला माणसे पुरविण्याची जबाबदारी गावच्या प्रमुखावर असे, आणि तो शेतातून, घरातून माणसे उठवून देई. हीच वेठबिगार. जुलै ते ऑक्टोबर हा डोंगरातील शेतीचाही मुख्य हंगाम. त्या दिवसांत काचेची पेटी पाठीवर घेऊन पराया खोऱ्यात जाणे म्हणजे घरच्या पिकावर पाणी सोडणे होते. सुती कपड्यांनिशी, गवताच्या चपलांनी ही माणसे बर्फ तुडवीत. वाटेत ओझी टाकून ती पळून जात, घरात दडून बसत. बॉर्न त्यांना हुडकून काढी, आणि काठीचा उपयोग करी. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि लाजेने नव्हे, तर प्रवासातील एक अडचण कशी निवारली हे सांगण्याच्या सुरात. त्याच लेखात औषधांची प्रमाणे ज्या शांतपणे दिलेली आहेत त्याच शांतपणे ही हकीकतही येते. काचा फुटल्याचे दुःख तो मनापासून सांगतो. हमालाच्या फुटलेल्या टाचांसाठी त्याच्या लेखणीला फारशी सवड नाही. बॉर्नची कला मान्य करताना हे नजरेआड करू नये.

त्याच्या काही चित्रांत कड्याच्या पायथ्याशी किंवा बर्फाच्या कडेला मुंगीएवढी माणसे दिसतात. डोंगर केवढा आहे हे कळावे म्हणून ती उभी केलेली असत; मापाची काठी रोवावी तशी. चित्राखाली स्थळाचे नाव असते, खिंडीची उंची असते, काचेचा अनुक्रमांक असतो. माणसाचे नाव नसते. ही वेठबिगार मोडायला पुढे अर्धशतक लागले. १९२१ च्या मकरसंक्रांतीला कुमाऊँमधील बागेश्वर येथे जमलेल्या लोकांनी बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली बिगारीच्या नोंदवह्या शरयूच्या पाण्यात फेकून दिल्या. बॉर्न ज्या मार्गाने सतलजच्या खोऱ्यात शिरला त्याच मार्गावरील कोटगढ येथे, त्याच सुमारास सत्यानंद स्टोक्स यांनीही या प्रथेविरुद्ध लढा दिला.

गोमुखापाशी बॉर्न पोहोचला तेव्हा मणिरंग मागे पडून बरेच दिवस लोटले होते. समोर हिमनदीचे तुटलेले तोंड, त्यातील काळोखी गुहा आणि तिच्यातून सुटणारा प्रवाह. हे दृश्य त्याने काचेवर घेतले. गोमुखाच्या ज्ञात छायाचित्रांपैकी अगदी जुन्यांत त्याची गणना होते. भाविकासाठी ते तीर्थाचे दर्शन होते, ग्राहकासाठी पवित्र नदीच्या उगमाचे विक्रीयोग्य चित्र. तिसरा एक उपयोग बॉर्नच्या मनातही आला नसावा.

गंगोत्रीची हिमनदी मागे हटत आहे. १९३५ मध्ये भूवैज्ञानिक ऑडन यांनी तिच्या मुखाचा नकाशा केला. त्यानंतरच्या मोजण्यांवरून पाहता, तेव्हापासून ते मुख एक किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे. बॉर्नची काच या मोजण्यांच्याही सत्तर वर्षे आधीची. अर्थात छायाचित्र म्हणजे मोजणी नव्हे. कॅमेरा नेमका कोठे उभा होता हे ठाऊक नसेल तर चित्रातील अंतरे फसवी ठरतात. त्यासाठी अभ्यासकाला चित्र हातात घेऊन त्या जागी जावे लागते. मागच्या कड्याची धार पुढच्या खडकाला चित्रात ज्या बिंदूवर छेदते, तसाच छेद प्रत्यक्षात दिसेपर्यंत पुढेमागे, उजवीडावीकडे सरकावे लागते. दोन-तीन छेद जुळले की जुन्या तिवईची जागा सापडते. बर्फ हलतो, कडे सहसा हलत नाहीत; म्हणून कड्यांच्या आधाराने बर्फाची चाल ओळखता येते. बॉर्नच्या चित्रांतील जो रेखीवपणा ग्राहकांना भुरळ घालण्यासाठी होता, तोच येथे कामी येतो. खडकाची प्रत्येक भेग त्यात वाचता येते.

गोमुखाहून परतताना तो मसूरी, नैनीताल अशी वाट करीत आला आणि वर्षअखेरीस सिमल्यास पोहोचला. पुढील वर्षी पेढीने कलकत्त्यास दुकान उघडले. १८७० मध्ये बॉर्न भारतातून कायमचा परत गेला, नॉटिंगहॅममध्ये सुताच्या धंद्यात शिरला आणि १९१२ मध्ये वारला. भारतात त्याने दोन हजारांहून अधिक काचा घेतल्या होत्या. तो गेल्यानंतरच्याच वर्षी, १८७१ मध्ये, रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सुचविली. पुढे ती सुधारली आणि अंधारखोली खांद्यावर वाहण्याची गरज सरली.

काचा कलकत्त्याच्या पेढीत राहिल्या. १९९१ साली तेथे आग लागली आणि जुन्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. २०१६ मध्ये पेढीही बंद झाली. मणिरंग आणि गोमुख आज पाहावयास मिळतात ते अंड्याच्या बलकाचा थर दिलेल्या कागदांवर, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, दिल्लीच्या अल्काझी संग्रहात आणि कोठे कोठे जुन्या घराण्यांच्या आल्बमांत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘बॉर्न’ हे नाव आणि पुढे आकडा असतो.